रुमालाखालचा पगार

मेहकर,
रविवार, दि. ९ मार्च १९७५

चि. अनंत यास,

बहरीन मुक्कामी गार हवेच्या यंत्राखाली बसलेल्या मेहुण्यास मेहकर मुक्कामी वर्तमानपत्रानं वारा घेत बसलेल्या भाऊजींचा, म्हणजे वामनरावांचा, आशीर्वाद. तुझी प्रकृती ठणठणीत असेल असं धरून चालतो. तिकडे समुद्राचं पाणी गोड करून पितात असं तू लिहिलंस, तेव्हापासून तुझी बहीण गीता तुझ्या पोटाच्या काळजीत आहे. तरी पाणी उकळून पीत जावं. इकडे माझा डावा गुडघा सोडल्यास सर्व क्षेम.

तुझं उंटाच्या चित्राचं कार्ड मिळालं. (मला मिळण्याआधी ते पोस्टमास्तर शेषरावांना मिळालं आणि त्यांच्या तोंडून साऱ्या पेठेला. तुझ्या कंपनीचे लोक कारकून निवडायला मुंबईला येणार आणि त्यांनी मला बोलावलं आहे, हे मला पानवाल्याकडून कळलं.) तू सांगितल्याप्रमाणे मी मुंबईला जाऊन मुलाखत देऊन आलो. पगार ठरला. किती ठरला ते ओघानं येईलच, पण आधी सुरुवातीपासून सांगतो, कारण मधूनच सांगितलं तर तुझा विश्वास बसणार नाही.

कंपनीच्या अर्जात शेवटून दुसरा रकाना होता, 'अपेक्षित पगार'. अनंता, मी बावीस वर्षं कचेरीत कारकून आहे. एवढ्या काळात सरकारनं मला नाव, वय, उंची, अंगावरची खूण, सगळं विचारलं (कोपरावरचा तीळ तर दोनदा तपासला), पण वामनराव, तुम्हाला किती हवेत, असं कोणी विचारलं नाही. पगार श्रेणीप्रमाणे मिळतो, वार्षिक वाढ ठरल्या महिन्यात मिळते, महागाई भत्ता मोर्चा निघाल्यावर मिळतो. आपण पगारपत्रकावरच्या तिकिटावर सही करायची आणि बाजूला व्हायचं. त्या रकान्यासमोर मी तीन दिवस बसलो. खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटत होतं. दोनदा तर तो अर्ज काढून नुसता तेवढा रकाना वाचला. पण आकडा काही सुचेना. कमी लिहावा तर आपणच आपली किंमत पाडली, जास्त लिहावा तर ते हसतील. शेवटी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'नियमाप्रमाणे'.

लिहिलं खरं, पण मनाला पटेना. म्हणून एस.टी.नं खामगावला गेलो आणि तुझ्या तीर्थरूपांचा सल्ला घेतला. उकंडरावांनी चाळीस वर्षं कापसाची आणि बैलांची दलाली केली आहे, तेव्हा किंमत करण्याच्या बाबतीत त्यांच्याइतका जाणता माणूस आपल्या दोन्ही घरांत नाही. त्यांनी मला उभं करून पुढून मागून न्याहाळलं (दातही पाहतात की काय अशी भीती वाटली) आणि म्हणाले, "जवाईबुवा, तोंडानं आकडा नोका सांगू. चार लोकाईत सांगतला का मंग हलता येत नाई." आणि पेटीतून आपला तो लाल रुमाल काढून दिला. आता बाजारात उघड लिलाव होतात आणि रुमालाखालचे सौदे गेले, याचं त्यांना अजून दुःख आहे. रुमालाखाली हात घालायचा, समोरच्याची बोटं धरायची, जितकी बोटं तितका आकडा. तोंडानं चकार शब्द नाही, तिसऱ्याला पत्ता नाही. त्यांनी माझ्याकडून दोन तास सराव करून घेतला आणि बजावलं, की अर्ध्यातून हात काढायचा नाही, समोरच्याचा अपमान होतो. सासऱ्यांच्या हातात हात घालून मी ओट्यावर बसलेला साऱ्या आळीनं पाहिला. नंतर खामगावच्या शटल गाडीनं जलंब स्टेशन आणि तिथून मोठ्या गाडीनं मुंबई.

मुलाखत एका हॉटेलच्या खोलीत होती. टेबलाशी कोटवाले साहेब, आणि कोपऱ्यात पांढरा पायघोळ झगा घातलेले एक वयस्कर शेखसाहेब जपमाळ ओढीत बसलेले. (तू लिहिलेले मालक ते हेच, हे मला मागाहून कळलं.) साहेबांनी अर्ज वाचला आणि विचारलं, 'नियमाप्रमाणे' म्हणजे कोणाच्या नियमाप्रमाणे? मी खिशातला रुमाल चाचपला. मग म्हणाले, बरं, तोंडी सांगा, किती अपेक्षा आहे? मी उठलो, खिशातून लाल रुमाल काढला, त्यांच्या उजव्या हातावर पसरला आणि आत हात घातला. साहेब खुर्चीसकट मागे सरकले. मी जादूचा खेळ करतो आहे की हात मुरगाळतो आहे हे त्यांना कळेना, आणि मला तर बोलायची मनाई.

तेवढ्यात कोपऱ्यातून हसण्याचा आवाज आला. शेखसाहेब उठले, त्यांनी कोटवाल्यांना बाजूला केलं आणि स्वतः समोर बसून रुमालाखाली हात घातला. मला म्हणाले (चांगलं मुंबईचं हिंदी बोलतात रे), लहानपणी वडिलांबरोबर आम्ही मोती विकायला इथे यायचो, तेव्हा लाल कापडाखाली असेच भाव ठरायचे. आता मोती गेले, कापडही गेलं. वडील वारल्यावर असा हात कोणी धरला नव्हता. त्यांचे डोळे भरून आले होते. माझेही आले, पण मी मुलाखतीत होतो. मग आमचा सौदा सुरू झाला. मी बोटं धरली, त्यांनी मान हलवली, त्यांनी धरली, मी मान हलवली. पाव तास झाला असेल. शेवटी त्यांनी दोन्ही हातांनी माझा हात धरला आणि विचारलं, "मंजूर?" मी म्हणालो, "मंजूर." कोटवाल्यांनी आकडा लिहायला पेन उघडलं, तर शेखसाहेब त्यांच्यावर असे भडकले! कापडाखाली ठरलेलं तिसऱ्याला सांगायचं नसतं, तिथे आल्यावर आम्ही पाहून घेऊ, म्हणाले. तुझे तीर्थरूप असते तर त्यांनी शेखसाहेबांना मिठीच मारली असती.

परत आलो तो इथे माझा भाव रोज चढतो आहे. मी कोणाला आकडा सांगत नाही, त्यामुळे लोकच ठरवतात. पोस्टमास्तरांच्या खिडकीशी तो दोन हजार होता, हिवरा आश्रम गावाला जाणाऱ्या मोटारीत साडेतीन हजारांवर गेला, आणि काल लोणारहून आलेल्या माणसानं मला पाच हजारांबद्दल नमस्कार केला. कचेरीत आमच्या हेडक्लार्कांनी पहिल्यांदाच मला खुर्ची दिली. निरोपाच्या हाराची वर्गणीही गोळा झाली आहे. राजीनामा लिहून तयार आहे. महिनाअखेरीच्या आत तो द्यायचा, की बावीस वर्षांची कायम नोकरी आणि पुढची पेन्शन संपली. असो. असं सगळं उत्तम चाललं आहे. काळजी नसावी.

तुझा,
वामनराव

ता.क. पगाराचा आकडा लिहायचा राहिला. अनंता, तो मलाही माहीत नाही. त्यांनी आधी चार बोटं धरली, मग पाच, मग एका बोटाचं अर्धं पेर. आता एक बोट दहाचं धरायचं की शंभराचं, रुपये की दिनार? बैलाच्या बाबतीत ते आपोआप समजतं. पण मंजूर म्हणून बसल्यावर 'किती' असं कोणत्या तोंडानं विचारणार? तू तिथेच आहेस, तर शेखसाहेबांकडून काही करून काढून घे. हे पत्र खरं म्हणजे त्यासाठीच आहे.

ता.क. दुसरा. वरचं लिहून झालं आणि गीतेनं ते वाचलं. (पाकीट उघडं ठेवलं ही माझी चूक.) तिनं मला समोर बसवून रुमाल पसरला आणि म्हणाली, "त्या बुढ्यानं जसे धरले तसे माहे बोटं धरा." मी धरली. तिनं पुन्हा पुन्हा करून पाहिलं, पण उकंडरावांच्या लेकीलाही आकडा लागेना. म्हणाली, "बैल असता तं चारशे-साडेचारशे म्हटलं असतं. मानसाचं कसं सांगाव?" मग म्हणाली, "त्याचं राहू द्या. तुमाले जाव वाटते का थे सांगा. तोंडानं नोका सांगू, तोंडानं तुमी कचेरीतल्यावानी बोलता." रुमाल तसाच होता. मी एकही बोट वेगळं धरलं नाही, तिचा सगळा हात धरून बसलो. ती म्हणाली, "हाव, समजलं," आणि रुमालाची घडी घातली. राजीनामा आता तिखटाच्या डब्याखाली अंथरला आहे. मला जायचं नव्हतंच रे. किती हवेत असं एकदा कोणी विचारावं, एवढंच हवं होतं, आणि ते आता दोनदा झालं, एकदा अर्जात आणि एकदा रुमालाखाली. शेखसाहेबांची मात्र माझ्या वतीनं माफी माग. हात धरून माग, त्यांना बरं वाटेल.

ता.क. तिसरा. जायचं नाही हे पक्कं, तरी आकडा तेवढा विचारच. मी किती किमतीचा होतो हे कळल्याशिवाय जेवण गोड लागत नाही. कमी निघाला तर बंद पाकिटातून कळव. चांगला निघाला तर उंटाच्या कार्डावर.