टाकलेलं नाव

२ एप्रिल १९७४

हिंगोलीच्या एसटीनं फाट्यावर सोडलं तेव्हा गावातला म्हातारा कोंडीबा बैलगाडी जुंपून हजर. पहारी, घण, छिन्न्या चढवल्या आणि मी नि हिरासिंग मजेत डुलत निघालो. आम्ही दोघं नांदेडच्या एकाच खाणीवर खडी फोडत वाढलो. आज तो मिस्त्री आहे आणि मी गुत्तेदार. लोक रत्नाकरशेठ म्हणतात. ऐकायला बरं वाटतं, खोटं कशाला लिहू.

काम जुन्या बारवेचं. ज्वारीच्या रानात जमिनीच्या पोटात उतरत गेलेली दगडी विहीर, चहूबाजूंनी पायऱ्या, भिंतीत देवळ्या. गाळ काढायचा, सुटलेले चिरे पुन्हा बसवायचे. पुरातत्त्व खात्याचे साहेब म्हणाले, जगातल्या नामांकित जागांच्या याद्या करायच्या गोष्टी चालल्यात, आपली बारव मागं का राहावी? तेवढं तिचं नाव शोधा, पाटी लावू. गावात विचारलं, तर नाव कोणालाच ठाऊक नाही. नुसतं 'तिकडं' म्हणतात.

मजुरांची नावं मात्र झकास. कोंडीबा, पुंजाजी, उकंडराव. कोंडा, केर आणि उकिरडा! मी म्हटलं, अख्खं गाव झाडून आणलंत की काय. तेही हसले. कोंडीबाच्या आधीची लेकरं जगली नव्हती, म्हणून मायनं त्याला मूठभर कोंड्यावर विकून परत घेतलं होतं. असल्या नावाला कोणी हात लावत नाही म्हणे. मग त्यानं माझं लहानपणचं नाव विचारलं. मी म्हणालो, रत्नाकरच.

५ एप्रिल

कानानं मला धंद्यात वर आणलं. चिऱ्यावर हातोडी टेकवली की भेग कुठवर गेलीय ते सांगतो. ही बारव वाजवून पाहिली, बहुतेक दगड खणखणीत. बांधणाऱ्याचे हात धुऊन पाणी प्यावं.

घुमतेही छान. तळाच्या पायरीवरून मी माझं नाव पुकारलं, मग हिरासिंगचं. बारवेनं दोन्ही परत दिली. कोंडीबाची बायको रुक्माबाई भाकरी घेऊन येते, पण काठाच्या आत पाऊल टाकत नाही. तिनं नवऱ्याकरवी निरोप दिला, तिकडं चांगली नावं घेऊ नका. मी हसून हो म्हटलं.

दुपारी काठावरून जेवायला हाक मारली. हिरासिंग, ए हिरासिंग! खालून 'ओ' आला. मी वाट पाहत उभा. तेवढ्यात पाठीमागून हिरासिंगनंच विचारलं, कोणाला बोलावून राहिलास? तो केव्हाच वर येऊन हात धूत होता.

घुमण्यात हाकच परत येते. ओ येत नाही.

८ एप्रिल

हिरासिंग सापडत नाही.

मी पुसेगावला चुना आणायला गेलो होतो. पुंजाजी सांगतो, भर दुपारी खालून हाक आली, हिरासिंगनं 'ओ, आलो शेठ' म्हटलं आणि झपाझप उतरला. पुंजाजीला वाटलं, शेठ केव्हा परतले? आवाज बराबर माझाच होता.

तळाला गुडघाभर पाणी. चपला शेवटच्या पायरीवर, नीट जोडून ठेवलेल्या.

१० एप्रिल

पोलीस येऊन गेले. गाळ उपसला, काही नाही. गडी गावाकडं पळाला असेल म्हणाले. चपला टाकून?

रुक्माबाईनं काठावरून हात जोडले, शेठ, तुमी तरी घरी जा. कसा जाऊ? आज सकाळी पूर्वेच्या देवळीला कान लावला. आत छिन्नी चालू आहे. दोन हलके ठोके, एक भारी. असा हात एकाच माणसाचा, त्याच्याशेजारी बसून मी मोठा झालो. तो भिंतीच्या आत आहे. त्याला काढल्याशिवाय मी हलत नाही.

मजुरांना काही ऐकू येत नाही म्हणे.

११ एप्रिल

देवळीचा चिरा मीच काढला. मागं कोरडी माती, पिढ्यान्‌पिढ्या न हललेली. ठोके आता पलीकडच्या देवळीतून. तिथला चिरा काढला. ठोके खाली सरकले.

मग ठोके थांबले, आणि भिंतीतून कोणी म्हणालं — रत्नाकर.

कोंडीबा सोबत होता. हे त्यालाही ऐकू गेलं. त्यानं माझं मनगट धरून विचारलं, लहानपणी दुसरं काहीच नाव नव्हतं? मला एकदम हायसं वाटलं. होतं की. माझ्या आधीची तीन भावंडं गेली, म्हणून मायनं दगडू ठेवलं होतं. धंद्यात शोभेना, सोडून दिलं. मी तिथंच, तळाच्या पायरीवर, मोठ्यानं म्हणालो, "दगडू. मी दगडू आहे."

कोंडीबानं माझ्या तोंडावर हात ठेवला, पण नाव निघून गेलं होतं.

वर आल्यावर तो एवढंच बोलला. "शेठ, अंगावरचं हलकं नाव राखण करतंय. टाकलेलं नाव ज्याला घावलं त्याचं."

१२ एप्रिल

सकाळी छिन्नी नाही. रत्नाकर अशी हाकही नाही.

आता माय बोलावते. दगडू रं — शेवट तसाच लांबवून. तिला जाऊन कैक वर्षं झाली. त्या नावानं हाक मारणारं दुसरं कोणी जिवंत नाही.

कानात कापूस घातला. हाक कापसाच्या आत —

हिरासिंग, माफ कर. जातोय.

१३ एप्रिल

फाट्यावर बसलोय. कोंडीबा सोडून गेला. जाताना म्हणाला, काही झालं तरी ओ देऊ नका. बारव कोसभर मागं आहे.

हाक मागं राहिली नाही. दगडू, भाकर निवून राहिली.

माय अशीच म्हणायची. मी खाणीवरून ओरडायचो — नको, लिहीत नाही काय ओरडायचो ते.

बस दिसते. धूळ. जवळच आहे.

दगडू रं, किती वाट पाहू.

आता बसच्या बाजूनं. पायाखालून. रडते आहे. डाव्या हातानं तोंड घट्ट दाबून धरलंय. आवाज निघणार नाही. तोंडातून निघणार नाही. उजवा हात मात्र —

ओ, माय, आ