सियालदहचे शनिवार

अहो,

तुम्हाला जाऊन दोन महिने झाले. जो प्रश्न विचारायचं धाडस मला कधी झालं नाही, त्याचं उत्तर परवा एक परका म्हातारा दारात घेऊन आला. म्हणून लिहिते आहे.

वर्षभर दर शनिवारी तुम्ही कुठे जात होता? "एस्प्लनेडला काम होतं," म्हणायचात, आणि खिशात ट्रामचं तिकीट सियालदहचं! सदऱ्याला कसलासा उग्र वास. मी तो हुंगायचे, खिसे उलटे करायचे. कोण असेल ती? आरशाच्या टेबलाचा खण दुरुस्तीला दिलाय, हेही मला खोटंच वाटायचं. एका खणाला वर्ष लागतं होय?

तो म्हातारा, हरिपद मिस्त्री, नेमका तोच खण घेऊन आला होता. विधवेला लुबाडायला आलाय, असंच वाटलं मला. साखळी न काढताच विचारलं, "वर्षभर काय करत होतात?"

"हम नहीं, माँ. बाबू खुद सीखते थे."

मी कसला विश्वास ठेवते! दुसऱ्या दिवशी खण घेऊन त्याच्या दुकानात गेले. कोपऱ्यात फळकुटांचा ढीग होता. प्रत्येकावर लाकडाचा पातळ पापुद्रा चिकटवलेला. कुठे फुगलेला, कुठे चिरलेला. खाली पेन्सिलीने तुमचं अक्षर: "सरस फार गरम." "रेघा जुळल्या नाहीत." "पुन्हा फुगला!"

तो वास सरसाचा होता तर. लाकूड चिकटवायचा, जनावराच्या कातड्याचा सरस, आणि घरात सासूबाईंचं सोवळं! म्हणून लपवलंत?

"मी एका दिवसात करून देतो म्हटलं, तर ऐकेनात," मिस्त्री त्याच्या हिंदीत सांगत होता. "म्हणाले, पाहुण्यांसमोर बायकोला नको ते बोललो. हे मीच करायला हवं."

मी टेबलावर ठेवलेल्या ओल्या तांब्याचं पाणी ओघळून त्या खणाचा पापुद्रा सुटला, तेव्हा चारचौघांत किती बोललात! त्यानंतर मी त्या आरशासमोर बसलेच नाही, हे तुमच्या लक्षात आलं होतं? मग रागावलात सगळ्यांदेखत, आणि माफी अशी चोरून?

खणाच्या कोपऱ्यात तुमच्या हातून वीतभर जागा भरायची राहून गेली आहे. काल तिथेच मी पहिला तुकडा कापला. तिरका गेला. "आस्ते, माँ," मिस्त्री म्हणाला. त्याच्यावर अजून पुरता भरवसा नाही. खण मी घरी घेऊन आले.

पण वचन देते, तो कोपरा मीच भरीन. फुगला तर उकलून पुन्हा भरीन. तो धड बसला, की त्या आरशासमोर बसून वेणी घालीन.

तुमची,
सुमती