मोहाजवळचा थांबा

बाबा, परवा मी तुमच्या रूटच्या बसमध्ये बसले होते, आणि तुम्हाला सांगायला तोंड राहू नये असं वागले.

तुम्ही कंडक्टर होते तेव्हा या जंगलातल्या टोल्यांना थांबे नव्हतेच. चार घरं इथं, सहा घरं तिथं. तरी तुम्ही घंटी मारायचे. मोहाच्या झाडाजवळ, शेंदराच्या दगडाजवळ, फुटक्या बंधाऱ्याजवळ. ड्रायव्हरकाका कुरकुरायचे, "भाऊ, इथी थांबा हाय का?" तुम्ही म्हणायचे, "माणसं उतरून राह्यली नं? मंग थांबाच हाय." सुट्टीत मी तुमच्या बाजूला उभी राहून तीच नावं ओरडायचे, आणि उतरणाऱ्या बायका हसत माझ्या फ्रॉकच्या ओच्यात रानातली पिकली टेंभरं टाकायच्या.

परवा गाडी बिघडली म्हणून ऑफिसातल्या दोघी आणि मी बसने निघालो. पुढच्या सीटवर एक म्हातारी, पायाशी तांदळाची चुंगडी. कंडक्टर नवा, बाहेरचा. तिनं सांगितलं, "मोहाजवळ उतरव, बापू." त्याला काय कळणार? मोह तर रस्ता रुंद करताना कधीच तोडला. ती काचेला नाक लावून झाड शोधत राहिली. पूल गेला, वळण आलं, मी ओळखलं, हेच. बोलणार तेवढ्यात तिनं मागं वळून मला निरखलं. नाक तुमचंच आहे माझं, लपणार कसं?

"काऊन वो बाई, तू आपल्या कंडक्टर भाऊची पोरगी नं?"

सोबतच्या दोघींना मी सांगून ठेवलंय की तुम्ही मोठे साहेब होते. मी म्हटलं, "नाही हो." आणि एकदा नाही म्हटल्यावर मोहाची जागा तरी कोणत्या तोंडानं दाखवायची? मी खिडकीकडे तोंड फिरवलं. "असंल दुसरी कोणी," म्हातारी पुटपुटली. पुढच्या फाट्यावर उतरली आणि चुंगडी डोक्यावर घेऊन भर उन्हात मागं चालू लागली. लाज वाटली बाबा, फार वाटली, पण जागची हलले नाही.

आज एकटीच त्याच बसमध्ये बसून हे लिहिते आहे. त्या टोल्यावर जायचं आणि तिला सांगायचं, मीच ती, असं घरून ठरवून निघाले. कंडक्टरनं विचारलं, "कुठं?" मी शेवटच्या गावाचं तिकीट काढलं. हा कागद तर कुठंच जायचा नाही, म्हणून खरं लिहिते. वळण आत्ताच मागं गेलं. घंटीची दोरी माझ्या डोक्यावरच होती.