दुसरी फुंक

तात्या, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्यावरचा माझा राग काही गेलेला नाही. मुलीनं वडिलांना असं लिहू नये, हे मला कळतं. पण तुमचाच आजार आता माझ्या छातीत आलाय, तेव्हा मी लिहिणार.

फुप्फुसांना आतून वण पडून ती कडक होत चाललीत, असं बारामतीच्या डॉक्टरांनी तुम्हाला सांगितलं, तेव्हा मी तिथंच कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. तुम्ही आईबरोबर एसटीनं कळंबला परतलात आणि मला बोलावून घेतलंत. मी दारात चप्पल काढतेय आणि तुम्ही खाटेवरून म्हणताय, "दोन वर्षं हायेत माझ्याकडं. डोळ्यांदेखत तुझं लगीन बघू दे." मी परीक्षेचं नाव काढलं, की तुम्हाला खोकला यायचा. त्या खोकल्यापुढं कोण काय बोलणार? उन्हाळ्यात बावड्याला देऊन टाकलंत मला. स्वतः मात्र मांडवभर फिरून जिलेबीचा आग्रह करत होतात. पुढं नऊ वर्षं जगलात. नातीच्या बारशाला आलात, तिला शाळेत सोडायलाही गेलात. जगलात म्हणून राग नाही हो. मला फसवून जगलात, याचा आहे.

सहा महिन्यांपूर्वी मी त्याच तपासणीला बसले. नळी तोंडात धरून सगळा जीव एकवटून फुंकायचं, आणि समोरची बाई ओरडत राहते, "अजून, अजून!" मी डॉक्टरांना विचारलं, किती वर्षं? ते म्हणाले, "एका तपासणीवरून नाही सांगता येत. कुणाचं भराभर वाढतं, कुणाचं वर्षानुवर्षं तसंच राहतं. सहा महिन्यांनी परत फुंका, दोन्ही आकडे ताडून बघू, मग वेग कळेल."

घरी येऊन आईला फोन केला. ती म्हणाली, "तुझ्या तात्यास्नी बी हेच सांगितलं हुतं. दोन वर्षं डॉक्टर म्हणलंच न्हाईत. ती ह्यांनी एसटीत ठरवली." आईला काय दोष द्यायचा? तुमच्यापुढं तिचं कधी काय चाललं? पण लग्नाआधी तुमची दुसरी तपासणी होती आणि तुम्ही गेला नाहीत, हे मला आठवलं. "एकदा सांगितलंय की डॉक्टरनं," म्हणून आईवर खेकसला होतात. आकडा तसाच निघाला असता, तर मी वर्ग सोडून मुंडावळ्या कशाला बांधल्या असत्या? भीती तुम्हाला मरणाची नव्हतीच. मी हातची जाईन, याची होती. इतका आपमतलबी माणूस मी दुसरा पाहिला नाही.

काल मी माझी दुसरी फुंक मारून आले. आकडा जवळजवळ तोच. डॉक्टर म्हणाले, "फार सावकाश चाललंय तुमचं. औषध चालू ठेवा, बिनघोर राहा." मी आनंदानं पेढे घेतले. घरी लेक नागपूरला शिकायला जायची बॅग भरत होती. "काय म्हणाले गं, आई? सांग, म्हणजे मी निवांत जाईन."

"काही सांगता येत नाही म्हणाले," मी म्हटलं आणि खोकले. तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला, मग बॅगेतले कपडे एकेक करून परत कपाटात ठेवले. पेढे अजून माझ्या पिशवीतच आहेत.

हे पत्र कुणाच्या हाती पडणार नाही, म्हणून तुम्हाला सांगते तात्या. मला खोकला आला नव्हता.