भट्टीतला आकडा

सोमवार, ३ मार्च
आज कंपनीच्या सॉफ्टवेअर विभागात रुजू झाले. खिडकीजवळची जागा मिळाली. चहा चांगला आहे, माणसं बोलकी आहेत. शेजारी प्रोग्रॅम तपासणारी टेस्टर बसते. ती म्हणाली, इथे मुक्यालाही आठवड्यात वाचा फुटते. प्रमुखांना पाठीमागे सगळे तुफानसाहेब म्हणतात. त्यांना आजचं काम कालच झालेलं हवं असतं म्हणे. मी हसले. त्यांचं टेबल माझ्या खुर्चीपासून दहा पावलांवर आहे.
सासरचं आडनाव कामाला आलं. माझा धाकटा भाऊ इथेच काम करायचा, हे कुणाच्या ध्यानात आलेलं नाही.

बुधवार, ५ मार्च
मागच्या शेडमध्ये लोखंडी दारांचा रंग पक्का करणारी खोलीएवढी भट्टी आहे. आत किती माणसं आहेत ते सेन्सर संगणकाच्या मेमरीत लिहितो. शून्य असेल तरच भट्टी पेटते. पण प्रोसेसर दरवेळी मेमरीपर्यंत जात नाही. आकड्याची नक्कल स्वतःच्या कॅशमध्ये, म्हणजे हाताशी असलेल्या छोट्या साठ्यात, ठेवतो आणि तीच वाचतो. मूळ आकडा बदलला तरी नक्कल जुनीच राहू शकते. ती नक्कल आधी फेकून दे, असं सांगणारी एक ओळ धाकट्याने प्रोग्रॅममध्ये लिहिली होती. साहेबांनी ती काढली. व्हर्च्युअल मशीनमधल्या, म्हणजे संगणकातच उभ्या केलेल्या, नकली भट्टीवर त्या ओळीविना सगळं बिनबोभाट चालतं, मग वेळ कशाला दवडायचा, असं त्यांचं म्हणणं. नकली भट्टीत कॅशच नव्हती.
सात महिन्यांपूर्वी धाकटा आत सेन्सर पुसत होता. मेमरीत एक होता. प्रोसेसरने शून्य वाचला. भट्टी पेटली.
चौकशीत त्याचाच निष्काळजीपणा ठरला. आई तेव्हापासून गॅस पेटवत नाही. मला साहेबांच्या तोंडून, चारचौघांत, खरं काय ते हवं आहे.

सोमवार, १० मार्च
नकली भट्टीला कॅश जोडली. सेन्सरला एक माणूस दिला. मेमरी एक, कॅश शून्य. चूक उघडी पडली. टेस्टर म्हणाली, गप्प बसून डोंगर पोखरलास की गं, आणि उंदीर नाही, वाघ निघाला! साहेब मानेनात, म्हणून शुक्रवारी त्यांनी स्वतः खऱ्या भट्टीत उभं राहून खात्री करायची, असं ठरलं.
जाताना पुन्हा चालवून पाहिलं. या वेळी सेन्सरला माणूस द्यायला विसरले. तरी मेमरीत एक.

मंगळवार, ११ मार्च
सगळं पुसून नवं मशीन उभं केलं. पुन्हा एक. भीती वाटली नाही. घरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं. मनात धाकट्याला म्हटलं, शुक्रवारी साहेबांना आत घालते. मेन स्विच बंद ठेवीन, पण घाम फोडीन.

बुधवार, १२ मार्च
आज दोन.
एक तो, दुसरे साहेब. लिहायला लाज वाटते, पण बरं वाटलं.

गुरुवार, १३ मार्च
तीन.
तिसरं कोण — कळलं. मी. अपघाताच्या आदल्या दिवशी धाकट्याने फोन केला होता. ताई, ओळ काढली, भांडू का? मी म्हटलं, साहेबांशी वाकडं कशाला घेतोस, नोकरी सांभाळ. हे आईलाही सांगितलेलं नाही.
त्याला कसं तोंड —

शुक्रवार, १४ मार्च. शेड.
साहेब आत. मी दाराबाहेर, आत पाऊल टाकणार नाही. मेन स्विच बंद, किल्ली माझ्या मुठीत.
साहेबांनी कबूल केलं. मोठ्याने, सगळ्यांसमोर. ओळ मीच काढली, पोराची चूक नव्हती.
मिळालं. पुरे आता, धाकट्या —

पायाखाली भट्टीची जाळी. मी बाहेर होते. दार पाठीमागे होतं, आता समोर आहे, बंद.
टेस्टर दाराच्या काचेतून सरळ माझ्याकडे बघते आहे आणि विचारते आहे, ही दोघं गेली कुठे. स्क्रीनवर शून्य आहे म्हणते. साहेब काच बडवतायत. तिला ऐकू जात नाही.
किल्ली मुठीतच आहे. तरी भट्टीचा पंखा सुरू — गरम —
मागे कुणीतरी श्वास घेतंय. साहेब तर पुढे आहेत.
काचेवर बोटाने लिहिते आहे, तीन, आत ती