पस्तीस मिनिटांवरचं जुमला

माघ २, सोमवार. नेपाळगंज.
ठरलं. नातीच्या पास्नीला विमानानेच जायचं. पोर पाच महिन्यांची झाली, अजून तोंड पाहिलेलं नाही. उष्टावणाचा पहिला घास आजोबाच्या हातचाच; लेकीला, निर्जलाला, फोनवर तसं बजावलं. नकाशावर पट्टी ठेवून पाहिलं : तिचं सासर जुमला सरळ रेषेत दीडशे किलोमीटरही नाही. उड्डाण पस्तीस मिनिटांचं. बिष्णा जीपने निघाली. जन्मभर भूगोलाच्या मास्तरशी संसार केला, काही शिकली नाही. दीड दिवस हाडं खिळखिळी करून घेईल. जाताना म्हणाली, "पोहोचलात तर भेटूच."

माघ ३, सकाळ. विमानतळ.
धुकं. शेजारचा गृहस्थ उकडलेली अंडी सोलून टरफलं माझ्या बुटांवर टाकतोय. चहा म्हणजे भांडी विसळलेलं पाणी. काउंटरवरची मुलगी म्हणते, "उघडलं की जाऊ, सर." काय उघडलं की? आभाळ की तुमचं डोकं?

दुपार.
इथलं धुकं गेलं. आता जुमल्यात वारा. उड्डाण रद्द. किळसवाणा कारभार.

माघ ४.
धुकं. बिष्णा पोहोचली. नातीने तिचं नाक ओढलं म्हणे. मी जास्त चौकशी केली नाही. पास्नी परवा आहे. भरपूर वेळ.

माघ ५.
विमान आलं! आधी प्रवाशांची वजनं. मी काट्यावर उभा राहिलो तर मागून कोणीतरी म्हणालं, "मास्टरजी एकटेच गेले तरी विमान भरेल." सगळे हसले. काउंटरवरची मुलगीसुद्धा! तडक व्यवस्थापकाच्या खोलीत शिरून तक्रार लिहायला घेतली. इंग्रजीत. तिसऱ्या परिच्छेदाला बाहेर घरघर ऐकू आली. माझंच विमान. गेलं. माझं नाव तीनदा पुकारलं म्हणतात. उच्चार चुकीचा केला असणार.

माघ ६. पास्नी.
धुकं. व्हिडिओ कॉलवर पाहिलं. घास व्याह्यांनी भरवला. हे रोकाया म्हणजे माणूस ओंगळ. नखांत माती, मिशीला खीर. नात मात्र त्यांच्याच मांडीवर खिदळत होती. पोरीला पारख नाही. शेवटी निर्जला म्हणाली, "बाबा, आता तुम्ही येऊ नका, आम्हीच..." आणि नेटवर्क गेलं. लेकीला बापाचे हाल बघवत नाहीत. आता तर जाणारच.

माघ ७, दुपार. जुमला.
पोहोचलो! पस्तीसही नाही, तेहतीस मिनिटं! बिष्णाला तोंडावर सांगायचं होतं.
धावपट्टीच्या कुंपणापाशी व्याही एकटेच उभे होते. म्हणाले, "अहो मास्टरजी, तुम्ही कशाला आलात? सगळ्याजणी काल जेवणं आटोपून जीपने खाली गेल्या. थंडी सरेपर्यंत पोर आजोळी राहणार. निर्जलाने सांगितलं नाही?"

संध्याकाळ.
बिष्णाचा फोन. तिघी दारात उभ्या, घराची किल्ली माझ्या खिशात. मला वाटलं, ओरडेल. ओरडली नाही. आम्ही शेजारणीकडे थांबतो म्हणाली, आणि फोन नातीच्या कानाला लावला. ती रडत होती. मी म्हटलं, "अगं, मी आहे, आजोबा." आणखी जोरात रडायला लागली.
बर्फ सुरू झालाय. चार दिवस विमान नाही, जीपही नाही. व्याह्यांनी माझं अंथरूण त्यांच्या खाटेला लागून घातलंय. पांघरूण एकच आहे.