शेवटच्या घावाचे पॉइंट

३ मार्च, रविवार

मगर मेली. पॉइंट सगळे दादाला. मला शून्य!

तळपायाची आग मस्तकात गेली आहे, म्हणून आधी लिहून काढते. चष्मेवाल्यांच्या दुकानामागच्या खोलीत दर रविवारी आमचा खेळ: ते गोष्ट सांगतात, आम्ही चौघं एकेक पात्र घेऊन फासे टाकतो. आज पुलाखालून मगर निघाली. तशी ती चष्म्याची मोठी काळी डबी, चष्मेवाल्यांच्या दुकानातलीच, पण फासे पडायला लागले की मगरच. दादाचा तलवारवाला पहिल्याच फटक्यात आडवा. "वैद्यीण, लागलंय." माझी वैद्यीण उतरली पाण्यात, ओढून काढलं, पट्टी बांधली. उठला. परत आडवा. परत उठवला. असं तीनदा. दातांच्या डॉक्टरणीच्या जादूगारणीने मगरीचे डोळे जाळले, वायरमनच्या चोराने शेपटीला दोर बांधला. इतकं सगळं झाल्यावर दादाने त्या अर्धमेल्या मगरीला एक घाव घातला. मेली. आणि आमचे सूत्रधार, म्हणजे चष्मेवाले, पेन्सिल कानामागून काढत म्हणाले, "शेवटचा घाव तलवारवाल्याचा. पॉइंट त्याचे."

ज्याच्या हाती ससा तो पारधी!

बाकी जगात पॉइंट सगळ्यांत वाटतात म्हणे. आमच्याकडे नाही. चष्मेवाले आठवडाभर सव्वा, पावणेदोन, अडीच असले नंबर लिहितात. खेळ सुरू झाला त्या दिवशीच त्यांनी बजावलं होतं — रविवारी माझ्यापुढे अपूर्णांक आणायचा नाही. वाटणी म्हटली की भागाकार आला. त्यापेक्षा शेवटचा घाव ज्याचा, पॉइंट त्याचे. सगळे हसलो होतो. मीसुद्धा हसले होते, मूर्खासारखी.

आता परिणाम बघा. पॉइंट साठले की लेव्हल चढते. दहावी शेवटची. चौघंही दहाव्या लेव्हलला पोचलो की डोंगरातलं लोखंडी दार उघडणार, ज्याच्यासाठी ही सगळी पायपीट चालली आहे. ते तिघं केव्हाच दहावर जाऊन बसलेत. मी सातवर. ज्यांना मरणाच्या दारातून ओढून आणलं ते वर, आणि ओढणारी खाली.

४ मार्च

लॅबमध्ये आज गर्दी. आठवडाभर खऱ्या लोकांचं रक्त काढायचं, रविवारी खोट्या लोकांचं थांबवायचं. एका आजोबांची शीर सापडत नव्हती, दोन जणी हरल्या, मी एका टोचणीत काढलं. रिपोर्टखाली सही डॉक्टरसाहेबांची. आजोबा जाताना आभार मानून गेले — डॉक्टरसाहेबांचे.

१० मार्च, रविवार

आज ठरवूनच गेले होते. पट्ट्या बांधायच्या नाहीत. मीही मारणार.

वैद्यिणीकडे शस्त्र म्हणजे मुळं खणायची सुरी. असू दे. समोर दरोडेखोर होते, नाकाला टेकणाऱ्या चष्म्याच्या रबरी गोट्या मांडून केलेले. फासे टाकले. वार चुकला. परत टाकले. परत चुकला. डॉक्टरीण म्हणाली, "अगं, तू सुरी घेऊन काय करतेयस, कांदा चिरतेयस का?" वायरमन हसून हसून लोळायचा बाकी राहिला. तेवढ्यात तलवारवाला पडला. दादाने माझ्याकडे न बघता, टेबलाकडे बघत म्हटलं, "वैद्यीण, लागलंय."

सुरी माझ्या हातातच. सूत्रधार म्हणाले, या डावात पट्टी नाही बांधली तर तो जाईल.

बांधली. मग काय करणार! तोंडातून नेहमीचं निघालंच — "बस खाली." बसला. उठला. दोन दरोडेखोर मारले. पॉइंट त्याचे.

माझ्यासारखी गाढव मीच.

११ मार्च

झोप नाही नीट. लिहूनच टाकते एकदाचं.

दादा आणि मी बोलत नाही. आई गेल्यापासून नाही. टेबलावर बोलतो ते तेवढंच — "वैद्यीण, लागलंय" आणि "बस खाली." ते तलवारवाला आणि वैद्यीण बोलतात. आम्ही नाही.

आईचं दुखणं लांबलं होतं. कूस बदलायची, पुसायचं, नळीतून भरवायचं, औषधं — मी. आधी रजा टाकून, मग बिनपगारी. दादा लांबच्या रूटवर, बस घेऊन आज इथे उद्या तिथे. फोन करायचा. शेवटच्या दुपारी आला. त्याने चमच्याने पाणी घातलं, आईने डोळे उघडले, त्याचं नाव घेतलं आणि गेली. झालं! मावशी, आत्या, शेजारपाजार, सगळ्यांच्या तोंडी एकच. मुलासाठी जीव अडकला होता हो. त्याच्या हातचं पाणी प्यायली आणि सुटली बिचारी.

शेवटचा घोट त्याचा. पॉइंट त्याचे.

आणि तो? मान खाली घालून ऐकत राहिला. एकदा, फक्त एकदा म्हणाला असता की हिने केलंय सगळं, तर माझं काही म्हणणं नव्हतं. नाही म्हणाला. त्या दिवसापासून मीही बोलणं सोडलं.

टेबल मात्र कोणी सोडलं नाही. मी का सोडू? सोडायचं तर त्याने सोडावं. त्याच्याही डोक्यात हेच असणार. एकाच आईची लेकरं.

१७ मार्च, रविवार

आज तर हद्द झाली.

गुहेत अस्वल होतं. सगळ्यांनी मिळून जेरीला आणलं. डॉक्टरीण म्हणाली, "थांबा रे, हिला घालू दे शेवटचा घाव. बिचारी सातवर कुजतेय." वायरमन थांबला. मी सुरी काढली. फासे हातात घोळवते आहे तोवर दादा म्हणाला, "तलवारवाला पुढे होतो." आणि टाकले! अस्वल खलास.

सगळे बघतच राहिले. वायरमन म्हणाला, "अरे, तुझी दहावी कधीच झालीये. हे पॉइंट घेऊन करणार काय?"

चष्मेवाले म्हणाले, "काही नाही. दहाच्या वरचे सांडतात."

म्हणजे मगरीचे सांडले. दरोडेखोरांचे सांडले. अस्वलाचे सांडले. त्याला कवडीचा उपयोग नाही, तरी मला मिळू द्यायचे नाहीत. स्वतः खायचं नाही आणि दुसऱ्याला खाऊ द्यायचं नाही! मी त्याच्याकडे बघितलं. तो फासे डबीत भरत होता, एकेक करून, जसं काही ते काचेचे आहेत. न बोलण्याचं बक्षीस असतं तर तेही त्यानेच नेलं असतं.

२० मार्च

चष्म्याची दांडी ढिली नव्हती. तरी ढिली झाली म्हणून दुकानात गेले.

चष्मेवाले दांडी घट्ट करत होते, मी बोलत होते. वैद्यीण नसती तर तलवार गंजत पडली असती. पाडणाऱ्याचे पॉइंट, उठवणाऱ्याचे का नाहीत? शेवटचा घाव दिसतो म्हणून तोच घाव का? तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं, भिंतीवरची अक्षरं वाचायला बसलं, आणि मी आवाज खाली आणून भांडत राहिले.

गिऱ्हाईक गेल्यावर ते म्हणाले, "तुझं चुकत नाही. रविवारी मांडू सगळ्यांपुढे. पण दार उघडलं की खेळ संपला, ध्यानात आहे ना? मी नवा मांडणार नाही लगेच. मुलीकडे जाऊन राहणार आहे."

म्हटलं, "संपू दे."

"तुम्ही दोघं मग..." म्हणाले आणि थांबले. चष्मा पुसून हातात दिला. पैसे घेतले नाहीत.

आम्ही दोघं काय! आमचं काही नाही.

२४ मार्च, रविवार

जिंकले!

मांडलं सगळं. आवाज चढला थोडा, चढू दे. म्हटलं, यापुढे वाटणी सारखी, आणि मागे जे सांडले ते वैद्यिणीचे. कारण ज्या घावांचे ते पॉइंट, ते घाव घालणारा तिच्या पट्ट्यांवर उभा होता. चष्मेवाल्यांना अपूर्णांकाची एवढी धास्ती असेल तर भागाकार मी करीन, रोज लॅबमध्ये तेच करते.

डॉक्टरीण म्हणाली, मान्य. वायरमन म्हणाला, "मान्य, आणि माझ्या चोरालाही कुणीतरी थँक्यू म्हणा." दादा म्हणाला, "नको."

का नको? विचारलं चष्मेवाल्यांनी. मी नाही.

"आहे तसं बरं चाललंय," म्हणाला.

बरं चाललंय! कुणाचं? आयत्या बिळावरच्या नागोबाला बरंच चालणार. तीन विरुद्ध एक. सांडलेले मोजले, माझ्या नावावर घातले — सात, आठ, नऊ, आणि दहा. पुढच्या रविवारी दार.

दादा उठला आणि टोपी विसरून गेला. वायरमन धावत जाऊन देऊन आला.

२५ मार्च

लॅबमध्ये आज चक्क गुणगुणत होते म्हणे. मला कळलंही नाही.

३१ मार्च, रविवार

उघडलं दार.

वैद्यीण सगळ्यांत पुढे. चष्मेवाल्यांनी छान सांगितलं, मान्य करते. आत राक्षस नाही, खजिना नाही. एक साधा रस्ता, ऊन पडलेला, आणि प्रत्येकाचं आपापलं घर. तिथे पोचलं की अंगावरचे सगळे वण जातात. तलवारवाल्याचेही. त्यांनी सांगितलं, "आता कुणाला काही लागलेलं नाही. इथे गोष्ट संपते."

टाळ्या झाल्या. डॉक्टरणीने सगळ्यांना दात जपा म्हणून सांगितलं. वायरमनने टेबलावर खास लावून दिलेला दिवा सोडवून घेतला. दिवा गेल्यावर ती खोली नुसती दुकानामागची खोली झाली, खोकी आणि फ्रेमी.

दादा दाराशी उभा होता. आता तलवारवाला नाही, वैद्यीण नाही, बोलणार काय? टोपी या हातातून त्या हातात केली. मग खोलीला उद्देशून म्हणाला, "येतो."

मी फ्रेमीच बघत होते.

७ एप्रिल, रविवार

सवयीने तयार झाले. पर्स घेतली, चप्पल घातली, आणि दारात उभी राहिले. जायचं कुठे?

परत येऊन बसले. आणि मग कळलं. इतका वेळ लागला मला! त्याला पॉइंट नकोच होते. त्याला दार नको होतं. मला सातवर ठेवलं तेवढे रविवार त्याला मिळाले. आणि मी भांडून, मतं घेऊन, हिशोब करून ते संपवले.

पण मग तोंडाने सांगायचं ना! सरळ म्हणायचं ना, बोल माझ्याशी म्हणून! आईच्या वेळीही तसाच, आताही तसाच. मनात ठेवायचं आणि मान खाली. रागच आला आहे. अजूनही. फोन हातात घेतला होता. ठेवला.

१४ एप्रिल, रविवार

फोन वाजला. दादा.

म्हणाला, "वैद्यीण, लागलंय."

कुठे, कसं, विचारलं नाही. म्हटलं, "बस खाली. निघालेच."